घराचा पत्ता नसताना मुलांसाठी सरकारी मदत कशी मिळवावी : मुंबईतील बेघर कुटुंबांसाठी मार्गदर्शन

आम्ही ज्या चाळीत राहत होतो ती पुनर्विकासासाठी रिकामी झाली, तेव्हा मूळ भाडेकरूला दुसरीकडे खोली मिळाली आणि त्याच्या पोटमाळ्यावर पोटभाड्याने राहणाऱ्या आम्हाला पंधरा दिवसांची मुदत मिळाली. माझे यजमान नाक्यावर उभे राहून बिगारी काम मिळवतात. नव्या खोलीचे डिपॉझिट आमच्याकडे नव्हते. मुलगा चार वर्षांचा होता आणि मला सहावा महिना होता. त्यानंतरचे काही महिने आम्ही कुर्ल्याच्या बाजूला फुटपाथवर काढले आणि मग माहीमकडच्या एका निवारा केंद्रात जवळपास वर्षभर राहिलो.

त्या काळात मला एक गोष्ट फार उशिरा कळली. लहान मुले असलेल्या बेघर कुटुंबासाठी पैशांच्या योजना आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या नियमांत बेघर मुलांचा थेट उल्लेख आहे. परंतु त्या मागण्याचा एक क्रम आहे, आणि तो चुकला की एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाण्यात महिने जातात. आमचे सात महिने असेच गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून तो क्रम येथे लिहीत आहे. जे स्वतः बेघर नाहीत पण अशा एखाद्या कुटुंबासोबत कार्यालयात जाण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनाही याचा उपयोग होईल.

१. आधी मुलांना छताखाली आणा

पैशांच्या अर्जाआधी निवाऱ्याचा प्रश्न घेण्याचे कारण केवळ सुरक्षितता नाही. निवारा केंद्रात नोंद झाली की तुमच्याकडे पहिला सरकारी कागद येतो, आणि पुढचे सगळे त्या कागदावर उभे राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा असावा, आणि तो केवळ थंडीपुरता न राहता वर्षभर व चोवीस तास खुला असावा, असे निर्देश दिले होते. मुंबईत प्रत्यक्षातली संख्या त्यापेक्षा खूप कमी आहे, आणि पती-पत्नी व मुले एकत्र राहू शकतील अशी केंद्रे तर आणखी थोडी आहेत. २०११ च्या जनगणनेत या शहरात ५७ हजारांहून अधिक बेघर माणसे मोजली गेली होती. त्यामुळे जागा मिळण्यास वेळ लागेल हे धरून चाला, मात्र नाव नोंदवण्यात दिरंगाई करू नका.

तुम्ही ज्या भागात झोपता त्या भागाच्या पालिका वॉर्ड कार्यालयात जाऊन निवारा केंद्राची चौकशी करावी. केवळ पुरुषांसाठी, केवळ महिलांसाठी आणि केवळ मुलांसाठी अशी वेगवेगळी केंद्रे असतात, म्हणून ‘कुटुंबासाठी’ हा शब्द स्पष्टपणे सांगावा. रात्रीच्या वेळी मूल आजारी असेल किंवा त्याला कोणापासून धोका वाटत असेल तर १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर फोन करता येतो. हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. स्त्रियांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक पाठ करून ठेवा.

२. कागदांची पिशवी

फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबाचे सामान पालिकेच्या कारवाईत उचलले जाते, तेव्हा भांड्यांबरोबर कागदही जातात. आमच्या शेजारी झोपणाऱ्या एका बाईंच्या तिन्ही मुलांचे जन्मदाखले असेच गेले. म्हणून कागद गाठोड्यात किंवा ट्रंकेत ठेवू नयेत. प्लॅस्टिकच्या चेनच्या पाकिटात घालून ते अंगावर बाळगावेत, आणि त्यांची एक झेरॉक्स शाळेतल्या बाई, अंगणवाडी सेविका किंवा कामावरचा विश्वासू माणूस अशा कोणाकडे तरी ठेवावी. मोबाइल असेल तर प्रत्येक कागदाचा फोटो काढून तो दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरही पाठवून ठेवावा.

पुढे लागणाऱ्या गोष्टी अशा आहेत :

- आई-वडिलांचे आधार कार्ड, त्यावर जुना पत्ता असला तरी चालेल
- प्रत्येक मुलाचा जन्मदाखला आणि आधार
- गरोदरपणात मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड आणि लसीकरणाच्या नोंदी
- मतदार ओळखपत्र
- रेशन कार्ड, गावाकडचे असले तरी
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- आधारशी जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाचे पहिले पान
- शाळेत किंवा बालवाडीत जाणाऱ्या मुलाचा बोनाफाईड दाखला
- सर्वांचे पासपोर्ट आकाराचे फोटो, निदान आठ-आठ प्रती
- पालकांपैकी कोणी दगावले असल्यास मृत्यूचा दाखला, आजार असल्यास रुग्णालयाचे कागद

ही यादी पाहून घाबरू नये, कारण यांतले बरेच कागद एकमेकांतूनच तयार होतात.

३. घराशिवाय पत्ता कसा सिद्ध होतो

सगळ्यात जास्त माणसे याच ठिकाणी माघारी फिरतात, म्हणून हा टप्पा सविस्तर सांगते. ‘लाइट बिल आणा, भाडेकरार आणा’ असे खिडकीवर सांगितले की आपण मान खाली घालून परत येतो. परंतु नियमांनी घर आणि राहण्याचे ठिकाण यांत फरक केलेला आहे.

मतदार ओळखपत्राचे उदाहरण घ्या. बेघर व्यक्ती नमुना ६ भरून, आपण रात्री जिथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहू शकते. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्रीच्या वेळी, एकापेक्षा अधिक वेळा त्या जागी जाऊन ती व्यक्ती खरोखर तिथे झोपते का हे पाहायचे असते. तशी खात्री झाली की निवासाचा दुसरा कोणताही कागद मागायचा नसतो. अर्जाला पैसे लागत नाहीत, आणि माहितीसाठी १९५० हा क्रमांक आहे. पत्ता लिहिताना ‘पुलाखाली’ एवढेच लिहू नका. रस्त्याचे नाव, समोरच्या दुकानाचे किंवा बस थांब्याचे नाव, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक असे लिहिले तर अधिकाऱ्याला जागा सापडते.

इथे आमची चूक झाली. पहिल्या भेटीत आम्ही भेटलो, पण दुसऱ्या भेटीच्या रात्री पाऊस लागल्यामुळे आम्ही स्टेशनच्या बाजूला गेलो होतो आणि अर्जावर ‘आढळले नाहीत’ असा शेरा पडला. अर्ज पुन्हा करावा लागला. अर्ज दिल्यापासून काही आठवडे शक्यतो जागा सोडू नका. सोडावीच लागली तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा, आणि अर्जावर चालू असलेला मोबाइल क्रमांक लिहा.

निवारा केंद्रात राहत असाल तर काम अधिक सोपे होते. शहरी बेघरांच्या निवारा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिथल्या कुटुंबांना ओळखपत्र, टपालाचा पत्ता, रेशन, बँक खाते, अंगणवाडी आणि शाळाप्रवेश मिळवून देण्यास साहाय्य करणे हे केंद्राच्या कामातच मोडते. तुम्ही उपकार मागत नाही, हे लक्षात ठेवून व्यवस्थापकांकडे लेखी पत्र मागा. आधारसाठीही मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचे, आधारच्या ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र चालते. आमदार, खासदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकाऱ्यालाही त्याच नमुन्यात प्रमाणपत्र देता येते. मात्र ते तीन महिन्यांपुरतेच ग्राह्य असते, म्हणून ते हातात आले की लगेच आधार केंद्र गाठा. हे प्रमाणपत्र साध्या लेटरहेडवर घेऊ नका, कारण तसे कागद आधार केंद्रातून परत पाठवले जातात.

तिसरा, दुर्लक्षित पुरावा म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. पालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात गरोदरपणाची नोंद करताना कोणी लाइट बिल मागत नाही, आणि त्या कार्डावर तुमच्या राहण्याच्या जागेची नोंद तारखेसह होते. तो कायदेशीर अर्थाने पत्त्याचा दाखला नव्हे, पण ‘हे कुटुंब इथे किती दिवसांपासून आहे’ असा प्रश्न मदतीच्या अर्जाची चौकशी करणारी समाजसेविका विचारते, तेव्हा या कार्डाइतके बोलके उत्तर दुसरे नसते.

आणखी एक सावधगिरी. आधारवर जुना पत्ता आहे म्हणून आधी तो बदलण्याच्या मागे लागू नका. ओळख म्हणून ते आधार तसेच चालते. त्यापेक्षा आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे का ते पाहा. तो क्रमांक बंद असला तर ओटीपी येत नाही आणि ऑनलाइन अर्ज तिथेच थांबतात. हा बदल आधार केंद्रात स्वतः जाऊन करता येतो.

४. बाळाचा जन्मदाखला आणि बाल आधार

रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर जन्माची नोंद रुग्णालय करते, आणि दाखला पालिकेच्या वॉर्ड कार्यालयातून मिळतो. फुटपाथवर किंवा प्रवासात जन्म झाला असेल तर नोंदीची जबाबदारी तुमच्यावर येते. २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, एक वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि स्वतः साक्षांकित केलेला कागद, आणि एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, असा रस्ता लांबत जातो. मुलाचे नाव ठरले नाही म्हणून नोंद थांबवू नका, कारण नाव नंतर घालता येते. आईचे आणि वडिलांचे नाव आधारवर जसे आहे, अगदी त्याच अक्षरांत लिहिले आहे ना, हे दाखला हातात घेतल्याबरोबर खिडकीवरच वाचून पाहा.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी हा दाखला विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्यांच्या आधारसाठी तोच लागतो. पाच वर्षांखालील मुलाच्या आधारसाठी बोटांचे ठसे घेत नाहीत. मुलाचा फोटो, जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांचे आधार एवढ्यावर काम होते. मूल पाच वर्षांचे झाले की ठसे देऊन ते अद्ययावत करावे लागते.

५. बँक खाते

आईच्या नावाचे स्वतंत्र खाते असणे चांगले, कारण माता व बालकांच्या बहुतेक योजनांचे पैसे आईच्या किंवा पालकाच्या खात्यात जातात. जनधन खाते शून्य शिलकीवर उघडते, आणि टपाल खात्याची पेमेंट बँक पोस्टातही खाते उघडून देते. कोणतेही ओळखपत्र नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ‘लघु खाते’ उघडता येते. बँक अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही किंवा अंगठा दिला की ते १२ महिन्यांसाठी सुरू होते, आणि त्या मुदतीत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचे दाखवले तर आणखी १२ महिने वाढते. एका महिन्यात त्यातून १०,००० रुपयांपर्यंतच काढता येतात.

खाते असणे आणि त्यात सरकारी पैसे येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे आधार क्रमांकावरून पाठवले जातात, आणि ते ज्या खात्याशी आधार सर्वांत शेवटी जोडले गेले त्या खात्यात जातात. माझे पहिले पैसे गावाकडच्या एका जुन्या खात्यात जमा झाले होते, आणि मी तीन महिने ‘अजून आले नाहीत’ म्हणून इथे खेटे घालत होते. बँकेत जाऊन ‘थेट लाभासाठी आधार जोडून द्या’ असे लेखी द्या, आणि जोडणी कोणत्या बँकेत आहे हे आधारच्या संकेतस्थळावर तपासून घ्या.

६. उत्पन्नाचा दाखला : एका गुणाकाराने अर्ज बुडतो

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालयाकडून सेतू केंद्रामार्फत किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून मिळतो. नाक्यावरच्या माणसाकडे पगाराची पावती नसते, म्हणून स्वयंघोषणापत्र द्यावे लागते, आणि तिथेच घात होतो.

आमच्या अर्जात काय घडले ते सांगते. ‘रोज किती मिळतात?’ असे केंद्रातल्या मुलाने विचारले. यजमानांनी ‘सहाशे’ म्हणून सांगितले. त्याने महिन्याचे पंचवीस दिवस धरून वर्षाचे १,८०,००० रुपये लिहिले. खरी गोष्ट अशी की नाक्यावर रोज उभे राहूनही महिन्यात सरासरी आठ दिवसच काम मिळत होते, म्हणजे वर्षाचे ५७,६०० रुपये. पुढे ज्या योजनेची मर्यादा ९६,००० आहे तिच्यात पहिल्या आकड्याने आम्ही बसत नव्हतो, दुसऱ्याने बसत होतो. रेशनच्या प्राधान्य गटाची शहरी मर्यादा ५९,००० आहे, तिथेही हाच फरक. प्रत्यक्षात किती दिवस काम मिळाले हे एका वहीत तारखेनुसार लिहून ठेवा, आणि तोच हिशेब सांगा. उत्पन्न कमी करून सांगण्याची गरज नाही, ते खरे तेवढेच लिहिले जावे याची काळजी घ्यायची आहे.

७. रेशन आणि अंगणवाडी

गावाकडचे रेशन कार्ड असेल तर ते रद्द करून मुंबईत नवे काढण्याची घाई करू नये. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ व्यवस्थेत तेच कार्ड आणि अंगठा वापरून इथल्या दुकानातून धान्य उचलता येते, फक्त सर्वांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झालेली असावी लागते. प्राधान्य गटाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळते. कार्डच नसेल तर आपल्या भागाच्या शिधावाटप कार्यालयात अर्ज करावा.

अंगणवाडीला रेशन कार्ड लागत नाही. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्याचा आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार, आणि गरोदर व स्तनदा मातांनाही आहार मिळतो. सेविकेशी ओळख ठेवा. पुढच्या दोन-तीन अर्जांत तिच्या सहीची गरज पडते.

८. कोणती मदत मागायची

*गरोदरपण आणि जन्म.* प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत एकूण ५,००० रुपये मिळतात आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. पात्रतेसाठी असंघटित कामगारांचे ई-श्रम कार्डही चालते, आणि ते आधारवर विनामूल्य निघते. त्यामुळे रेशन कार्ड नसलेल्या बाईने हा मार्ग जरूर धरावा. दुसऱ्या मुलीसाठी अर्ज जन्मापासून २७० दिवसांच्या आत करावा लागतो. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या मातेला शहरी भागात ६०० रुपये आणि शस्त्रक्रियेने प्रसूती झाल्यास १,५०० रुपये मिळतात. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीसाठी पिवळे किंवा केशरी कार्ड असल्यास लेक लाडकी योजना आहे. त्यात जन्मानंतर ५,००० पासून सुरू होऊन मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळतात.

*नाका कामगारांसाठी.* वडील किंवा आई बांधकामावर जात असतील आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस काम झाले असेल तर महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करावी. नोंदीत कामगाराला पहिल्या दोन अपत्यांच्या नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० आणि शस्त्रक्रियेच्या प्रसूतीसाठी २०,००० रुपये मिळतात, तर पहिली ते सातवीच्या मुलांना वर्षाला २,५०० रुपये मिळतात. नोंदणी प्रसूतीच्या आधीची असावी लागते आणि तिचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. आम्हाला हे बाळ झाल्यावर कळले. ‘नव्वद दिवसांचा दाखला काढून देतो’ म्हणून हजारो रुपये मागणारे नाक्यावरच भेटतात. पैसे देऊ नका. खोटा दाखला पकडला गेला तर नोंदणीच जाते.

*प्रायोजकत्व.* ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य अंतर्गत मुलाला आपल्याच कुटुंबात वाढता यावे म्हणून दरमहा ४,००० रुपये दिले जातात, आणि शहरी भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे लागते. विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता आईची मुले, गंभीर आजारी पालकांची मुले यांच्यासोबत, बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेली बेघर मुलेही यात येतात. मला एका कार्यालयात सांगितले गेले की, ‘आई-वडील दोघे जिवंत आहेत, तुमचे बसत नाही.’ ते ऐकून मी परत आले आणि दोन महिने पुन्हा गेले नाही. नियम तसा नाही. अर्जात ‘कुटुंब बेघर आहे’ हे पहिल्याच वाक्यात लिहा.

*बालसंगोपन.* राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत प्रत्येक बालकामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. अनाथ, निराश्रित, निराधार, बेघर आणि अन्य प्रकारे आपद्ग्रस्त बालकांसाठी ती आहे, आणि तिला बालकल्याण समितीचा, म्हणजे मुलांच्या काळजी व संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीचा, आदेश लागतो. एकाच मुलासाठी ही आणि प्रायोजकत्व अशा दोन्ही योजना एकाच वेळी मागू नका. या अर्जासोबत अनेकदा ‘पालकांसह घरासमोर काढलेला फोटो’ मागतात. आपल्याकडे घर नाही म्हणून तो रकाना रिकामा सोडू नका, किंवा कोणाच्या तरी दारासमोर उभे राहून फोटो काढू नका. तुम्ही खरोखर जिथे राहता, त्या फुटपाथवर किंवा निवारा केंद्राच्या फाटकापाशी मुलांना घेऊन फोटो काढा, आणि मागे ठिकाण व तारीख लिहा. तो फोटो काढताना मला रडू आले होते, पण चौकशी करणाऱ्या समाजसेविकेने सर्वांत आधी तोच पाहिला.

*कर्ता माणूस गमावला असेल तर.* दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस दगावल्यास राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून २०,००० रुपये एकरकमी मिळतात. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा १,५०० रुपये आहेत. तिची उत्पन्न मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे आणि राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते.

९. अर्ज कोणत्या जिल्ह्यात द्यायचा

प्रायोजकत्व आणि बालसंगोपनाचा अर्ज आपण राहतो त्या जिल्ह्यात द्यायचा असतो. मुंबई एक वाटली तरी कागदावर ते दोन जिल्हे आहेत. कुलाब्यापासून माहीम आणि सायनपर्यंत मुंबई शहर जिल्हा, आणि पुढे वांद्रे ते दहिसर व कुर्ला ते मुलुंड हा मुंबई उपनगर जिल्हा. दोन्हींचे महिला व बालविकास कार्यालय, बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समित्या वेगळ्या आहेत. शहराची समिती डोंगरीच्या बालगृहात आणि उपनगराची मानखुर्दच्या बालगृहात बसते. आम्ही कुर्ल्यात असताना अर्ज केला आणि माहीमला राहायला गेलो, त्यामुळे आमची फाइल एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाण्यात बरेच दिवस गेले. निवारा बदलण्याची शक्यता असेल तर शक्यतो तो प्रश्न आधी मार्गी लावून मग अर्ज द्या.

अर्ज देताना त्याची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी शिक्क्याशिवाय खिडकी सोडू नका.

१०. बालकल्याण समितीसमोर जाताना

‘समितीकडे गेलात तर मुले काढून घेतील,’ ही भीती फुटपाथवरच्या प्रत्येक आईला असते, आणि मलाही होती. म्हणून कायदा काय म्हणतो ते स्पष्टपणे सांगते. मुलाची जबाबदारी प्रथम त्याच्या कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, ही दोन्ही तत्त्वे बाल न्याय अधिनियमाच्या तिसऱ्या कलमातच आहेत. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. ते मुलाची तब्येत, लसीकरण, शाळा किंवा अंगणवाडी, आणि आई-वडील त्याच्याजवळ किती असतात याविषयी विचारतात. लसीकरणाचे कार्ड आणि अंगणवाडीच्या नोंदी पुढे ठेवा. मुलाला सोबत न्या, त्याला खाऊ घालून न्या, कारण बराच वेळ थांबावे लागते.

खरी खबरदारी सहीबाबत घ्यायची आहे. वाचल्याशिवाय किंवा वाचून घेतल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही वा अंगठा देऊ नका, मग तो देणारा माणूस कितीही गोड बोलत असो. मूल कायमचे सोडून देण्याचे समर्पणपत्र हा एक वेगळा दस्तऐवज असतो, आणि आर्थिक मदतीसाठी त्याची मुळीच गरज नसते. चुकून सही झालीच असेल तर पुनर्विचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते. त्याच दिवशी १५१०० या विधी सेवेच्या क्रमांकावर फोन करा. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो.

आदेश झाला की त्याची प्रत मागून घ्या.

११. अर्ज अडकल्यास

सर्वप्रथम आवक क्रमांक घेऊन महिन्यातून एकदा स्वतः जा, आणि प्रत्येक वेळी कोणाला भेटलात ते वहीत लिहा. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवांना राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाची मुदत लागू आहे, आणि ती उलटली की त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे अपील करता येते. इतर अर्जांसाठी माहितीच्या अधिकारात ‘माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली’ एवढा एकच प्रश्न विचारा. त्याचे शुल्क १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही. माझी फाइल अशा एका अर्जानंतर हलली.

मंजूर झालेले पैसे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतीलच असे नाही, ते काही महिन्यांचे एकदम येतात. त्या भरवशावर खोलीचे भाडे ठरवू नका. आम्ही एकदा साठलेली रक्कम पूर्ण डिपॉझिटमध्ये घातली आणि पुढचे दोन महिने दुधाला पैसे नव्हते.

मूल सहा वर्षांचे झाले की ते लगेच शाळेत घालावे. पालिकेची शाळा वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू शकत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या चौदाव्या कलमात आहे. शाळेचा बोनाफाईड दरवर्षी जूनमध्ये काढून बाल संरक्षण कक्षाकडे द्या. निवारा, फुटपाथ किंवा खोली, राहण्याची जागा बदलली की आठवड्याच्या आत नवा पत्ता लेखी कळवा आणि त्यावरही शिक्का घ्या, कारण गृहभेटीला आलेल्या समाजसेविकेला तुम्ही जुन्या जागी सापडला नाहीत तर मंजूर झालेली मदतही थांबते.